टू-स्ट्रोक घ्यावे की फोर-स्ट्रोक? : होडीच्या इंजिनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची बावीस फुटी फायबरची होडी आहे. आम्ही दोघे भाऊ आणि एक खलाशी मिळून जाळी मारतो. अकरा वर्षांपूर्वी घेतलेले १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन आता दर महिन्याला मेकॅनिककडे न्यावे लागते. एका फेरीत इंजिन साधारण दोन तास चालते आणि १२ लिटर पेट्रोल लागते. वर्षाला १४० च्या आसपास फेऱ्या होतात. नवे टू-स्ट्रोक आणि तेवढ्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक यांच्या किमतींत ७०,००० रुपयांचा फरक असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. मुलगा फोर-स्ट्रोकचा आग्रह धरून बसला आहे, तर शेजारचे तांडेल म्हणतात की दर्यात टू-स्ट्रोकच तारून नेते. काय करावे?
— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : आपण फेऱ्या, तास आणि लिटर या तिन्हींचे आकडे कळवलेत, त्यामुळे काम सोपे झाले. या विषयावरच्या बहुतेक पत्रांत ‘पेट्रोल फार खाते’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

आधी हिशेब करू. कार्ब्युरेटरच्या (म्हणजे हवा आणि पेट्रोल बाहेरच मिसळून आत घेणाऱ्या) टू-स्ट्रोकऐवजी तेवढ्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक लावल्यास पेट्रोलचा खर्च साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी होतो. विकणारा मनुष्य आपल्याला ‘निम्मा’ म्हणून सांगेल. तेवढी बचत अगदी मंद गतीवर होऊ शकते, पण भरलेली होडी घेऊन बंदराकडे येताना होत नाही. म्हणून आपण हात राखून चतुर्थांशच धरू. बारा लिटरांतले तीन लिटर वाचले आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले, तर फेरीमागे ३१५ रुपये झाले. शिवाय टू-स्ट्रोकला लिटरमागे २० मिलिलिटर तेल घालावे लागते, म्हणजे बारा लिटरांना २४० मिलिलिटर. तेलाचा भाव लिटरला ४०० रुपये धरल्यास हे आणखी ९६ रुपये. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात तेल घालावे लागत नाही, परंतु त्याच्या पोटातले दीड-दोन लिटर तेल सुमारे शंभर तासांनी बदलावे लागते. आपल्या वापरात शंभर तास म्हणजे पन्नास फेऱ्या, तेव्हा तो खर्च फेरीवर तीसेक रुपये पडतो. एकंदर ३८० रुपयांच्या आसपास फेरीमागे हाती राहतात आणि ७०,००० रुपयांचा फरक साधारण १८५ फेऱ्यांत, म्हणजे आपल्या बाबतीत सव्वा वर्षाच्या थोडे पुढे, भरून निघतो. वर्षाला चाळीस-पन्नास फेऱ्याच करणाऱ्याला हीच भरपाई व्हायला चार वर्षे लागली असती आणि त्याला मी वेगळा सल्ला दिला असता.

ही बचत येते कुठून, हे मुलाला आणि शेजाऱ्यांना दोघांनाही सांगण्यासारखे आहे. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक खाली-वर जाण्यात एकदा स्फोट होतो, त्यामुळे ते हलके असूनही जोर धरते; मात्र जळलेला धूर बाहेर ढकलण्याचे काम नव्या मिश्रणाकडेच असते. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन्ही वाटा काही क्षण एकदम उघड्या असल्याने त्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर पाण्यात जातो. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत हा भाग पाव हिश्शापर्यंत, किंबहुना थोडा अधिकही असू शकतो. सकाळी खाडीच्या निवांत पाण्यावर इंजिनाच्या मागे जो इंद्रधनुषी तवंग पसरतो, तो आपण पंपावर पैसे मोजून घेतलेल्या पेट्रोलाचा आणि तेलाचा असतो. फोर-स्ट्रोकमध्ये आत घेणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही चार कामे दट्ट्याच्या चार वेगवेगळ्या हालचालींत होतात आणि झडपा आपापल्या वेळी उघडतात, म्हणून ही गळती जवळजवळ थांबते. याच कारणावरून अमेरिकेत १९९८ पासून आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायच्या, इंजिनांच्या धुरावरचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक इंजिने तिथल्या नव्या मालाच्या बाजारातून हद्दपार झाली. आपल्याकडे दोन्ही मिळतात, म्हणूनच आपल्याला हा प्रश्न पडला.

आता शेजाऱ्यांची बाजू, कारण ते उगाच बोलत नाहीत. झडपा, त्यांचा दांडा, पट्टा, तेलाची टाकी हे सर्व वजन कुठेतरी येणारच. पंधरा अश्वशक्तीचे सर्वत्र चालणारे टू-स्ट्रोक सुमारे ३६ किलोचे असते, तर त्याच कंपनीचे फोर-स्ट्रोक पन्नास किलोंच्या पुढे जाते. कागदावर हा फरक पंधरा किलोंचा आहे. पण ओल्या रेतीतून, गुडघाभर पाण्यातून, पहाटेच्या अंधारात इंजिन खांद्यावर घेऊन चालणाऱ्याला विचारा. छत्तीस किलोंचे इंजिन एक धडधाकट माणूस उचलतो, पन्नास किलोंना दोघे लागतात, आणि तिसरा होडी धरून उभा असेल तर आपल्याकडे चौथा माणूस नाही.

म्हणून माझा उलट प्रश्न असा की, आपली होडी देवबागच्या कोणत्या अंगाला असते? आपले गाव म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. होडी खाडीच्या अंगाला नांगरून ठेवत असाल आणि मुखातून बाहेर पडत असाल, तर इंजिन रोज काढण्याची गरज नाही. ते साखळीने बांधून, वर उचलून ठेवता येते आणि वजनाचा प्रश्न जवळजवळ संपतो. होडी समुद्राच्या अंगाला वाळूवर ओढत असाल आणि चोरीच्या भीतीने इंजिन रोज घरी नेत असाल, तर शेजाऱ्यांचे ऐका. सव्वा वर्षात पैसे भरून निघतील खरे, पण पाठ भरून निघणार नाही.

आणखी एका बाबतीत टू-स्ट्रोक सरस आहे. मुखाशी वाळूचा दांडा साचलेला असतो, लाट फुटते, आणि दोन लाटांमधल्या फटीतून होडी काढायची असते, तेव्हा मूठ पिळल्याबरोबर जोर हवा असतो. त्या दोन-तीन सेकंदांत टू-स्ट्रोक अधिक चपळ असते. फोर-स्ट्रोक तोच जोर देते, पण किंचित सावकाश. हा फरक तांडेलाच्या सवयीने भरून काढता येतो. मात्र पहिले पंधरा दिवस वारा पडलेला असताना, दिवसाउजेडी मुख ओलांडून पाहावे आणि मगच पहाटेच्या फेरीला जावे.

याउलट जाळे ओढतानाचा तासभर हा फोर-स्ट्रोकच्या बाजूचा आहे. इंजिन मंद चालू ठेवून होडी जाळ्याच्या रेषेत धरावी लागते. टू-स्ट्रोक अशा मंद गतीवर खोकत राहते, तेलाने प्लग काळे पडतात, वारा मागून असेल तर सगळा धूर जाळे ओढणाऱ्याच्या तोंडावर येतो, आणि नेमके परतायच्या वेळी दोरी ओढून ओढून हात दुखतात. आपले इंजिन दर महिन्याला मेकॅनिककडे जाते, त्याचे कारण बहुधा इथेच असावे. खिशात सुका प्लग आणि पाना ठेवणारे तांडेल मी अनेक पाहिले आहेत. फोर-स्ट्रोक वापरणाऱ्याला ती सवय हळूहळू सोडता येते.

दुरुस्तीविषयी. पहिले तेल १०-२० तासांतच बदलायचे असते आणि तिथेच बहुतेक लोक चुकतात, कारण नवीन इंजिनाचे तेल स्वच्छ दिसते. पुढे झडपांची फट तपासणे, पट्टा असेल तर तो पुस्तिकेतल्या मुदतीत बदलणे, ही कामे साध्या हत्यारांनी होतात, पण ज्याने ती केली आहेत त्यानेच करावीत. मालवणात आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला खरेदीच्या आधी थेट विचारा की, या कंपनीच्या फोर-स्ट्रोकचे त्याने शेवटचे काम कधी केले. तो ‘सगळी सारखीच असतात’ असे म्हणाला, तर दुसरा मेकॅनिक शोधा किंवा इंजिनाचा विचार बदला.

एक अनुभव सांगतो, कारण त्याचे दोन हजार रुपये मी स्वतः मोजले आहेत. पहिले फोर-स्ट्रोक मी टेंपोत चुकीच्या कुशीवर आडवे टाकून आणले. तीन तासांत पोटातले तेल सिलिंडरमध्ये उतरले. उतरवल्यावर दोरी ओढली, तर ती भिंतीला बांधल्यासारखी जागची हलेना. प्लग काढून दोरी हळूहळू ओढली, तेव्हा तेलाची पिचकारी शेजारच्याच्या सदऱ्यावर उडाली. सुदैवाने आतले काही वाकले नाही. कोणत्या कुशीवर निजवायचे, याचे चित्र इंजिनावरच चिकटवलेले असते. टू-स्ट्रोकला असे नखरे नसतात, त्यामुळे आपला हात ते चित्र पाहायलाच विसरतो.

इंजिन कोणतेही घ्या, मागच्या फळीची उंची मोजून घ्या. लहान दांड्याचे इंजिन साधारण १५ इंच उंचीच्या फळीसाठी असते आणि लांब दांड्याचे २० इंचांसाठी. पंख्यावरची आडवी पाती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. पंखाही जाळी, बर्फ आणि माणसे यांच्या वजनाला साजेसा, कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात होडीला कमी अंतर ढकलणारा, मागा. दुकानात जो लावलेला असतो तो बहुधा हलक्या, वेगवान होडीसाठी असतो. होडी भरलेली असताना, मूठ पूर्ण पिळून, इंजिन मिनिटाला पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर ते रोज चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढणाऱ्या ट्रकसारखे झिजते आणि वर बचतीचा सगळा हिशेबही कोलमडतो.

माझे मत असे : होडी खाडीत राहत असेल आणि मेकॅनिक सापडला असेल, तर फोर-स्ट्रोक घ्या. जुने इंजिन मात्र भंगारात देऊ नका. दोन्ही सिलिंडरांतला दाब मोजून घ्या. त्यात पंधरा टक्क्यांहून अधिक फरक नसेल, तर कार्ब्युरेटरची सफाई, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा आणि नवे प्लग एवढ्यावर ते आणखी काही वर्षे अडीअडचणीचे इंजिन म्हणून राहील. नव्या इंजिनाचा क्रमांक नौकेच्या नोंदणीत बदलून घ्यायला, आणि अनुदानाची चौकशी खरेदीच्या आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात करायला विसरू नका. बिल फाडल्यानंतर केलेली चौकशी बहुधा वाया जाते.

प्रश्न : टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात तेल नेमके किती घालावे? आमच्याकडे प्रत्येकाचे प्रमाण वेगळे आहे. शिवाय पेट्रोलात इथेनॉल वाढल्यापासून इंजिन अधूनमधून बंद पडते, ते त्यामुळेच का?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : सध्याच्या बहुतेक टू-स्ट्रोक आउटबोर्डना पन्नास भाग पेट्रोलाला एक भाग तेल लागते, म्हणजे वीस लिटरच्या डब्याला ४०० मिलिलिटर. नव्या इंजिनाला सुरुवातीचे तास याच्या दुप्पट. हे तेल ‘टीसी-डब्ल्यू३’ असा शिक्का असलेले, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असावे. स्कूटरसाठी असलेले टू-स्ट्रोक तेल अधिक तापणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते आणि थंड चालणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्याची राख व काजळी साचते. ‘थोडे जास्त घातले तर बरेच’ ही समजूत सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे. जादा तेलाने प्लग काळे होतातच. शिवाय कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, जाणाऱ्या मिश्रणात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलाचा वाटा तेवढा घटतो आणि इंजिन अधिक तापते. बाटलीच्या झाकणाने अंदाज घेण्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारे मोजमापाचे भांडे घ्या.

इथेनॉलची शंका रास्त आहे, पण सगळे खापर त्याच्यावर फोडू नये. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असते, तर बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असे छापलेले असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आपली टाकी तर चोवीस तास खाऱ्या दमट हवेत असते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोकसाठी यातला खरा धोका असा, की तेल वरच्या पेट्रोलात राहते आणि नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला काही क्षण तेलाचा थेंबही नसलेले मिश्रण मिळते, आणि मग दट्ट्या घासतो. एकदा काचेच्या बाटलीत तळातले पेट्रोल काढून उन्हात धरून पाहा. खाली वेगळा थर, मध्ये रेष दिसली, तर ते पेट्रोल होडीत वापरू नका.

उपाय साधे आहेत. दोन-तीन दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल मिसळा, टाकी अर्धी ठेवण्याऐवजी भरलेली ठेवा, आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. जुन्या रबरी नळ्या व हाताने दाबायचा फुगा यांच्यावर इथेनॉलचा परिणाम होतो. नळी दाबल्यावर बोटाला चिकट लागली किंवा आतून काळे कण आले, तर ती बदला. आणि पावसाळी बंदीच्या आधी टाकी, नळी व कार्ब्युरेटर रिकामे करा. १ जूनला ठेवलेले इंजिन ऑगस्टमध्ये सुरू होत नाही, याचे कारण दहापैकी आठ वेळा कार्ब्युरेटरच्या वाटीत वाळलेला हिरवट चिकटा हेच असते.

प्रश्न : किनाऱ्यावर येताना लाटेत होडी उलटली आणि नवे फोर-स्ट्रोक दीड तास पाण्याखाली होते. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. तोवर इंजिन सावलीत सुकत ठेवले आहे. बरोबर केले का?
— एक वाचक, आचरा

उत्तर : माणसे सुखरूप आहेत असे पत्रात पुढे लिहिले आहे, ते वाचून बरे वाटले. इंजिन सुकत ठेवणे मात्र सर्वांत वाईट. पाण्याखाली असताना गंज हळू चढतो. खारट ओल्या लोखंडाला हवा लागली की काही तासांत बेअरिंगवर तांबूस डाग पडतात. तेव्हा लगेच उघडता येत नसेल, तर इंजिन गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून ठेवावे, हे ऐकायला विचित्र वाटले तरी योग्य आहे. पुढच्या वेळेसाठी एवढे लक्षात ठेवा. आता मेकॅनिक येताच झाकण काढून गोड्या पाण्याने सर्व धुऊन घ्यावे, प्लग काढावेत आणि वरचे चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. बुडताना इंजिन चालू होते असे आपण लिहिले आहे, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी ओढले जाऊन आतला दांडा वाकलेला असू शकतो. चाक कुठेही अडखळले तर दोरी ओढू नये. मोकळे फिरत असेल तर प्लगची भोके खाली करून पाणी काढावे, कार्ब्युरेटर रिकामे करावे, आणि पोटातले तेल बदलावे. पहिले तेल ताकासारखे पांढरट निघेल. काही मिनिटे चालवून ते पुन्हा बदलायचे, आणि रंग मूळचा येईपर्यंत हे करायचे. दोन-तीन वेळा लागतेच. टू-स्ट्रोकला तेलाचे हे पोट नसल्याने तिथे हीच दुरुस्ती निम्म्या वेळात होते, आणि लाटेतून उतरणारे तांडेल त्याला सोडत नाहीत, त्याचे अर्धे कारण हेच आहे.

प्रश्न : ओळखीतून इव्हिनरूड ई-टेक हे थेट इंजेक्शनचे टू-स्ट्रोक, वापरलेले, स्वस्तात मिळते आहे. पेट्रोल फोर-स्ट्रोकइतके कमी लागते असे म्हणतात. घ्यावे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : म्हणतात ते खरे आहे. बाहेर जाण्याची वाट बंद झाल्यानंतर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारल्यामुळे गळती होत नाही. परंतु ही इंजिने बनवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये त्यांचे उत्पादन बंद केले, आणि त्यांच्या दुरुस्तीला संगणक जोडावा लागतो. रोजच्या मासेमारीसाठी घेऊ नका. इंजेक्टर गेला, तर ऐन बांगड्याच्या दिवसांत होडी महिनाभर किनाऱ्यावर राहील.